काजळीची तीट

दुलमाने फाटकाशेजारच्या खांबावर एक पांढरी एनॅमलची ताटली तारेने बांधली, तेव्हा गल्लीतल्यांना वाटलं, म्हातारी पाखरांना दाणे घालणार. पण उलानबातरच्या कडेला, चिंगेलतेइच्या चढावर हिवाळ्यात पाखरं कुठली? येतात ते कावळे, आणि कावळ्यांना कुणी ताटात वाढत नाही.

ताटली रिकामीच राहिली. संध्याकाळी दुलमा ती ओल्या फडक्याने पुसायची. सकाळी तिच्यावरून एकदा बोट फिरवायची आणि त्या बोटाकडे बघत उभी राहायची. मग बोट बर्फात घासून आत जायची.

सव्वीस वर्षं ती एका बालवाडीच्या बॉयलरवर भट्टीवाली होती. चोवीस तासांची पाळी, मग दोन दिवस घरी, मग पुन्हा चोवीस तास. एका पाळीत दीड टन कोळसा तिच्या फावड्यावरून आत जायचा आणि राखेच्या चौदा-पंधरा बादल्या बाहेर यायच्या. त्या सव्वीस हिवाळ्यांत बालवाडीची एकही खोली गार पडली नाही. हे ती आपणहून सांगत नसे, पण कुणी पंचवीस म्हणालं तर मध्येच थांबवून सव्वीस करून घेई. निवृत्त झाली त्या दिवशी तिला एक कागद आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. तिने फावडंही मागून घेतलं. त्याचा दांडा तिच्या मुठींच्या मापाने झिजलेला होता, दुसऱ्या कुणाच्या हातात तो नीट बसला नसता.

तिच्या आवारात दोन गेर होती, नमद्याची गोल घरं. एक तिचं, एक मुलाचं. मुलगा ओचिर दक्षिणेला गोबीत कोळशाचा ट्रक चालवायचा आणि तीन आठवड्यांतून एकदा घरी यायचा. सून सारांगुआ घरीच शिवणकाम करायची. नात अरियुना चार वर्षांची होती.

अरियुना जानेवारीत जन्मली होती. तिला हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा दिवस मावळला होता. तान्ह्या पोराला तिन्हीसांजेला बाहेर काढायचं तर नाकावर काजळी लावतात, म्हणजे वाईट नजर त्याला पोर समजत नाही, पुढे निघून जाते. काजळी शोधायला लागली नाही. दुलमाने दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि पोरीच्या नाकावर टेकलं. काळीभोर टिकली उमटली. सगळे हसले. चौकटीवर एवढी काजळी आली कुठून, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

मग पोरीच्या छातीत शीळ वाजायला लागली. पहिल्या हिवाळ्यात एकदा न्युमोनिया झाला, दुसऱ्यात दोनदा, तिसऱ्यात तीनदा. हॉस्पिटलात एका खाटेवर दोन-दोन पोरं असायची, एकाचे पाय दुसऱ्याच्या डोक्याशी. खाटेच्या कडेला बसून दुलमा नातीचे श्वास मोजायची. बॉयलरचा काटा बघावा तशी बघायची. काटा लाल रेघेवर गेला तर काय करायचं हे तिला ठाऊक होतं. इथे काहीच ठाऊक नव्हतं.

सारांगुआला दुसऱ्यांदा दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात ऑक्टोबर उजाडला. चुली पेटल्या. दुलमा सुनेबरोबर तपासणीला गेली. डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून नीट सांगितलं. फुप्फुसं पोटातच घडायला लागतात. आई जो धूर ओढते त्यातलं बरंच तिच्या रक्तात उतरतं आणि त्याची झळ बाळाला लागते. भर धुरात पोटात वाढलेली पोरं पुष्कळदा लहानखोर जन्मतात, त्यांच्या श्वासाच्या नळ्या अरुंद राहतात, मग साधी सर्दीही त्यांच्या छातीत उतरते. पहिलीची छाती वाढत्या वयात सुधारेल अशी आशा ठेवा, त्या म्हणाल्या, पण या दुसऱ्याला निदान पोटात असेपर्यंत तरी बरी हवा द्या.

हवा कुठून आणायची, असं दुलमाने विचारलं. माळरानावर सारांगुआच्या माहेरी पाठवता आलं असतं. पण पहिल्या बाळंतपणात तिचं रक्त फार गेलं होतं, आणि माहेरापासून हॉस्पिटल अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. डॉक्टरीणबाई स्वतःच नको म्हणाल्या. शहरातच राहा, पण जमेल ते करा.

‘जमेल ते’ हे शब्द दुलमाला खटकले. तिच्या लेखी काम एक तर होतं, नाही तर राहतं. दुसऱ्याच दिवशी तिने खांबाला ताटली बांधली.

पहिल्या सकाळी बोट डांबरात बुडवल्यासारखं निघालं.

ती फाटकाबाहेर गेली आणि गल्लीतल्या धुराड्यांकडे बघत उभी राहिली. अकरा धुराडी. अकराही काळा धूर ओकत होती. थंडी पडली की आमच्या दरीवर गार हवेचं झाकण बसतं. धूर चार हात वर जातो, तिथेच अडतो आणि परत खाली येऊन अंगणात बसतो. त्या अकरांत सगळ्यात काळा धूर कुणाचा, हे ती भट्टीवालीच्या नजरेने बघू लागली. दोन नंबरचा काळा धूर तिच्याच धुराड्यातून निघत होता.

तिला लाज वाटली, आणि ती साधीसुधी नव्हती. धूर म्हणजे न जळालेला कोळसा, म्हणजे वाया गेलेलं फावडं, हे तिने बॉयलरवर नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला घोकून घ्यायला लावलं होतं. बालवाडीच्या धुराड्यातून तिच्या पाळीत नुसती थरथरती हवा निघायची. आणि घरी? घरी ती संध्याकाळी बादलीभर कोळसा लाल निखाऱ्यांवर उपडा करायची, धुराड्याची झडप लावून घ्यायची आणि झोपायची. आग दबून धुमसत राहायची, सकाळपर्यंत पुरायची. सगळी गल्ली तेच करायची. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांसाठी नेकीने राबलेला हात घरी आला की आळशी व्हायचा.

त्या दिवसापासून तिने घरच्या चुलीवर बॉयलरचा कायदा लावला. जाळीचे दोन भाग मानायचे. लाल निखारे मागे, धुराड्याच्या बाजूला ढकलायचे. नवा कोळसा पुढे घालायचा, मुठीएवढे तुकडे करून, थोडाच. त्याचा धूर निखाऱ्यांवरून जाता जाता पेटतो आणि त्याची ऊबच होते. कोळसा कमी लागतो, श्रम जास्त. दर दीड तासाला उठायचं, दोन्ही गेरमध्ये. एकसष्टाव्या वर्षी ती पुन्हा पाळीवर रुजू झाली. सारांगुआने उठायचं म्हटलं की ती एवढंच म्हणायची, “तुझी पाळी पोटात चालू आहे. झोप.”

आठवडाभराने ताटली पाहिली. बोट तेवढंच काळं. एका धुराड्याने काय होणार?

आता गल्लीला शिकवणं आलं. त्यात अडचण अशी, की आमच्याकडे दुसऱ्याच्या चुलीला हात लावत नाहीत. चूल म्हणजे घराचा देव. पाहुणा निखारा हलवत नाही, कुणी आगीवर पाणी ओतत नाही, तिच्याकडे सुरीचं टोक करत नाही. सून नव्या गेरमध्ये पहिल्यांदा आग पेटवते तेव्हा ते घर होतं. म्हणून दुलमाने गल्लीतल्या बायकांना आपल्याकडे बोलावलं, मीठ घातलेला दुधाचा चहा आणि सुकवलेल्या दह्याचे तुकडे पुढे ठेवले.

पागमा नावाची शेजारीण सगळ्यांत तोंडाळ. ती बसता बसताच म्हणाली, “दुलमा अक्का, आता चूल पेटवायला शिकवणार का आम्हाला? पुढच्या वेळी चालायलाही शिकव.”

“तू बाहेर जा,” दुलमा म्हणाली, “आणि धुराड्याकडे बघून सांग.”

पागमा बाहेर गेली. दुलमाने पुढच्या बाजूला दीड फावडं कोळसा घातला. 

“काय दिसतंय?” दुलमाने विचारलं.

“काही नाही. विझली वाटतं तुझी.”

“आत ये.”

पागमा आत आली. चूल लालबुंद होती, पत्रा तापून टिकटिकत होता. पागमाने दाराकडे बघितलं, चुलीकडे बघितलं, आणि दह्याचा तुकडा तोंडात टाकून म्हणाली, “बरं, पण रात्री उठायचं कुणी?” कुणीतरी म्हणालं, नवऱ्याने, नाही तरी तो लघवीला उठतोच. खूप हसू झालं. पण अरियुना त्या वेळी पलंगावर निजली होती, आणि हसू थांबल्यावर तिच्या छातीतली शीळ सगळ्यांना ऐकू आली.

नोव्हेंबर संपेपर्यंत अकरांतली सात धुराडी निवळली. पागमाचं सगळ्यांत आधी, आणि मग ती इतरांवर पहारा करायला लागली. धूर दिसला की फाटकातूनच ओरडायची, “कुणाचं जळतंय गं, कोळसा की नवरा?” ताटलीवरचं बोट काळ्याचं करडं झालं. पण वरच्या अंगाने, वायव्येकडून वारा आला की पुन्हा काळं.

वरच्या अंगाला जिग्मेद गुआइ राहायचे. वय बहात्तर. सगळे त्यांना मानाने गुआइ लावायचे. त्यांचं धुराडं पहिल्या नंबरचं काळं. संध्याकाळी ते चूल काठोकाठ भरायचे आणि झडप घट्ट लावायचे. मग उजाडेपर्यंत त्यातून पिवळट काळा धूर सरपटत निघायचा आणि उतारावरून थेट दुलमाच्या आवारात यायचा.

ते मूळचे माळावरचे मेंढपाळ. बायकोने लग्नात पेटवलेली आग त्यांच्याकडे चव्वेचाळीस वर्षं जिवंत होती. मुक्काम हलवताना निखारे लोखंडी भांड्यात घालून उंटावरून न्यायचे. एका जीवघेण्या हिवाळ्यात जनावरं बसल्या जागी गोठून मेली तेव्हा दोघं शहरात आली. ट्रकच्या मागे बायको ते भांडं मांडीवर घेऊन बसली होती. तीन वर्षांपूर्वी ती गेली. मूलबाळ नव्हतं. आग राहिली.

हे सगळं दुलमाला ठाऊक होतं. तरी ती चुकली.

ती दुपारी गेली. जिग्मेद गुआइंनी चहा दिला, पाहुण्यापुढे मानाने करायची तपकिरीची कुपी काढून हातात धरली. दुलमाने सुनेचं सांगितलं, धुराचं सांगितलं, जाळीचे दोन भाग समजावले. ते ऐकत होते. मग म्हणाले, बाई, दर दीड तासाला उठायला माझी कंबर कुठे आहे? आणि दुलमा, कामाचं बोलताना बोलते तशी, सरळ बोलून गेली.

“मग एवढा जीव कशाला काढता? रात्री विझू द्या. सकाळी नवी पेटवा.”

जिग्मेद गुआइंनी कुपी तिच्यापुढे केली नाही. परत अंगरख्यात ठेवून दिली. चहा थंड होतोय, एवढं म्हणाले, आणि उठून दार उघडून धरलं.

बॉयलर दर एप्रिलमध्ये विझवतात. भट्टीवालीच्या तोंडी तो शब्द झाडू-बादलीसारखा. पण आमच्याकडे माणूस माणसाला सगळ्यात मोठा शाप देतो तो हाच, तुझी चूल विझो. म्हणजे तुझ्यामागे कुणी न उरो. मूल नसलेल्या माणसाच्या घरात बसून, त्याच्या मेलेल्या बायकोच्या आगीसमोर, ती तेच बोलून आली होती. फाटकापाशी पोचेपर्यंत ते तिच्या लक्षात आलं आणि तिचे पाय तिथेच थांबले.

घरी सुनेला सांगितलं. सारांगुआने हातातली सुई खाली ठेवली. “आई, तुम्ही त्यांना असं म्हणालात?”

“बॉयलरचं बोलल्यासारखं बोलले.”

“बॉयलर नव्हता तो.”

त्या संध्याकाळपासून वरचा धूर वाढला. डूख धरून नव्हे, असं दुलमालाच वाटलं. शाप कानावर पडलेला माणूस एक बादली जास्तच घालणार. सकाळी ताटली काळी कुळकुळीत.

डिसेंबरच्या मध्यावर तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी पोटावर टेप लावला, मग यंत्र लावलं, मग पुन्हा टेप लावला. बाळ दिवसांच्या मानाने लहान होतं, दोनेक आठवडे मागे. अजून वेळ आहे, त्या म्हणाल्या, पण वेळ फुकट घालवू नका. परत येताना बसथांब्यावर सारांगुआने रुमाल नाकावर ओढून घेतला. घरी आल्यावर अरियुनाने विचारलं, बाळाच्या छातीत पण शीळ वाजते का? सारांगुआ सरपण आणायला उठली. दुलमाने तिला बसवलं आणि स्वतः गेली.

दुलमा वरच्या फाटकाशी दोनदा जाऊन आली. दोन्ही वेळा कुत्रं भुंकलं, दार उघडलं नाही.

हिवाळ्याची नऊ नवकं असतात, नऊ-नऊ दिवसांची. पहिलं नवक सुरू होण्याच्या आदल्या दिवशी तिने ठेवणीतला अंगरखा घातला. वाटीत लोणी घेतलं, हातावर मान द्यायचं निळं रेशमी वस्त्र घेतलं, आणि तिसऱ्यांदा गेली. या वेळी कुत्र्याला हाक मारून तिने मोठ्याने सांगितलं, मी आगीसाठी आलेय, माणसासाठी नाही. आगीसाठी लोणी घेऊन आलेल्याला दारातून परत पाठवत नाहीत. जिग्मेद गुआइंनी दार उघडलं आणि बाजूला झाले.

दुलमा चुलीपुढे गुडघ्यांवर बसली. गुडघे कडकडले. चुलीचं तोंड उघडून तिने लोणी आत सोडलं. ज्योत उंच उठली. मग ती त्या आगीलाच म्हणाली, “माझी जीभ चुकली. तू विझावीस असं माझ्या मनात नव्हतं.”

मागून जिग्मेद गुआइ म्हणाले, “आगीने ऐकलं असेल. मी अजून ऐकलेलं नाही.”

ती वळली. ते वस्त्र दोन्ही हातांवर धरून म्हणाली, “तुमचा धूर माझ्या सुनेच्या पोटापर्यंत जातो. माझाही जात होता. माझा मी थांबवला. ते पोर दोन आठवडे मागे पडलंय. तुमची आग विझवायला मी आलेच नव्हते, गुआइ. ती रात्रभर धुराशिवाय जिवंत ठेवता येते. मी सव्वीस वर्षं ठेवली.”

“चोवीस तास जागून.”

“जागून नाही. राखेखाली. पहाटे दोन तास मीही डोळा लावायची.”

त्यांनी चुलीकडे बघितलं. “आणि सकाळी गेलेली निघाली तर?”

“तर माझ्या फावड्याचा दांडा मोडून तिच्यात घाला.”

त्यांनी निळं वस्त्र घेतलं, घडी घालून बायकोच्या तसबिरीपाशी ठेवलं. मग चुलीशेजारचा लांब चिमटा उचलला आणि मूठ तिच्याकडे करून पुढे धरला.

चिमटा असा कुणी कुणाला देत नाही. दुलमाने तो दोन्ही हातांनी घेतला.

संध्याकाळी ती पुन्हा गेली. झोपायच्या आधी दीड तास झडप पूर्ण उघडून कोळसा जळू दिला. पिवळी ज्वाळा संपेपर्यंत थांबायचं, तिने सांगितलं, घाई करायची नाही. धूर सगळा ज्वाळेत जातो, उरतो तो नुसता लाल खडा. तो मागे रचून ढीग करायचा. वर राख, तीन बोटं जाड, चादर घातल्यासारखी, सगळीकडे सारखी. आणि झडप चार बोटं उघडी ठेवायची.

“ऊब जाईल,” जिग्मेद गुआइ म्हणाले.

“थोडी जाईल. पूर्ण लावलीत तर ऊब राहील, आग राहील, तुम्ही राहणार नाही. कोंडलेल्या कोळशाचा तो विषारी वायू दिसत नाही, वास येत नाही.”

त्यांनी स्वतःची चार बोटं झडपेला लावून माप घेतलं. मग तिची चार बोटं लावायला सांगितली. तिची जाड होती. तिचं माप धरलं.

उजाडता उजाडता दुलमा वर गेली. रात्री तिला धड झोप लागली नव्हती. बाहेर हाडं गोठत होती. वरच्या धुराड्यातून काहीच निघत नव्हतं, धूर नाही, हवाही हलताना दिसेना. जिग्मेद गुआइ दारातच उभे होते, तोंडावर काही दिसू देत नव्हते. ते आत वळले. ती मागोमाग गेली, बसली, चिमट्याने राख बाजूला केली.

खाली लाल. चांगला वितभर रुंद, लालजर्द.

जिग्मेद गुआइ म्हणाले, “मी तीन वेळा उठून बघितली.”

“राख उकरलीत?”

“थोडीशी.”

“म्हणून हा कोपरा गेलाय.”

ते हसायला लागले, आणि हसता हसता थांबून म्हणाले की इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा ते सकाळी खोकले नाहीत. मग अंगरख्यातून तपकिरीची कुपी काढली आणि उजव्या हाताने तिच्यापुढे धरली. दुलमाने ती घेतली, झाकण थोडं उघडून वास घेतला आणि परत दिली. झालं.

त्यानंतर गल्लीत उरलेल्या तीन धुराड्यांची काळजी दुलमाला करावी लागली नाही. जिग्मेद गुआइ स्वतः जायचे. नवं शिकलेला माणूस जुन्या उस्तादापेक्षा कडक असतो. पागमा म्हणायची, म्हाताऱ्याने माझ्या झडपेला बोटं लावून माप घेतलं, आता माझी बोटंही मोजतील.

हवा स्वच्छ झाली असं कुणी समजू नये. खाली शहर होतंच, हजारो धुराड्यांचं, आणि जानेवारीत ते डाळीच्या पातेल्यासारखं वाफाळत झाकलेलं असायचं. पण गल्लीच्या टोकाचा दिव्याचा खांब आता सकाळी दिसायचा. ताटलीवरून बोट फिरवलं तर ते फिकट करडं निघायचं, वारा असला तर जेमतेम मळकं. सारांगुआ सकाळ-संध्याकाळ घरात राहायची, दुपारी वारा सुटला की आवारात फेऱ्या मारायची. दुलमा दीड तासाला उठत राहिली. तिसऱ्या नवकात, तीन वर्षांच्या बैलाचं शिंग गोठतं म्हणतात त्या थंडीत, अरियुनाला एकदा ताप आला आणि एकदाच हॉस्पिटलात न्यावं लागलं. पाच दिवसांत ती घरी आली. खाटेवर मी एकटीच होते, असं ती सगळ्यांना सांगत सुटली.

जानेवारीच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी टेप लावला आणि पुन्हा लावला. मग बाई म्हणाल्या, बाळाने मागचा हप्ता भरून काढलाय, थोडं उरलंय.

पांढऱ्या महिन्याचा, नव्या वर्षाचा सण गेला, मांस भरलेले बूझ वाफवून झाले, खाऊन संपले. आठव्या नवकात भर दुपारी सारांगुआला कळा सुरू झाल्या. ओचिर गोबीच्या वाटेवर कुठेतरी होता. दुलमा प्रसूतिगृहाच्या बाहेरच्या बाकावर बसली. आत नातेवाइकांना सोडत नाहीत. तिला काम नसलं की हात कुठे ठेवावेत कळत नसे. तिने ते मांडीवर पालथे ठेवले आणि दाराकडे बघत राहिली. रक्त जाईल का, पोर किती वजनाचं असेल, रडेल का, हे तीनच प्रश्न होते, आणि त्यांच्यावर फावडं चालत नव्हतं.

चार वाजता नर्स बाहेर आली. मुलगी. तीन किलो दोनशे चाळीस ग्रॅम. अरियुना दोन किलो तीनशेची होती. आईचं रक्त बेताचंच गेलं, ती चहा मागतेय.

“रडली का?” दुलमाने विचारलं.

“आजीबाई, कान किटलेत आमचे.”

दुलमा उठली आणि परत बसली. बाकावरच्या दुसऱ्या बाईने तिला पाणी दिलं.

दोन दिवसांनी लहान मुलांच्या डॉक्टरांनी पोरीची छाती तपासली, पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. स्वच्छ, ते म्हणाले. दुलमाने विचारलं, हे धूर कमी केल्यामुळे झालं का? ते प्रामाणिक होते. एका पोरावरून तसं सांगता येत नाही, म्हणाले, काही पोरं धुरातही धडधाकट होतात. पण तुम्ही केलंत ते बरोबर केलंत, आणि आता घरी गेल्यावरही सोडू नका, हिची छाती अजून वाढायचीय. दुलमाला हे उत्तर आवडलं. बॉयलर एका फावड्याने तापत नाही. म्हणून काही फावडं खाली ठेवत नाहीत.

पोरीला घरी आणलं त्या दिवशी कागदपत्रांत उशीर झाला. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी थांबली तेव्हा दिवस मावळत होता. आदल्या दिवशीच पोचलेला ओचिर गोधडीत गुंडाळलेलं पोर घेऊन उतरला. पागमा फाटकात उभी होती, जिग्मेद गुआइ आपल्या अंगरख्याची सगळी बटणं लावून खाली आले होते.

“थांबा,” जिग्मेद गुआइ म्हणाले, “नाकावर काजळी कुठे आहे? तिन्हीसांजेला असं आणतात का पोर?”

“आणते,” दुलमा म्हणाली. तिने सवयीने दाराच्या चौकटीवरून बोट फिरवलं. बोटाला धूळ लागली. ती खांबाकडे गेली आणि ताटलीवरून बोट फिरवलं. बोट मळकं झालं, काळं नाही. तिने ते पोरीच्या नाकावर टेकलं. काहीच उमटलं नाही. पोरीने नाक आक्रसलं.

“अक्का, अख्ख्या उलानबातरमध्ये तुला काजळी मिळेना?” पागमा म्हणाली.

“तुझ्याकडे बघ.”

“माझं धुराडं कालच झाडलंय. तूच झाडायला लावलंस.”

दोघींनी वरच्या अंगाला बघितलं. जिग्मेद गुआइंनी हात हलवला. “माझ्याकडे बघू नका. माझ्याकडे आता नुसती राख निघते.”

थंडी वाढत होती. गोधडीतून रडणं सुरू झालं, आधी कुरबुर आणि मग भोंगा. वरच्या गल्लीतलं कुत्रंही भुंकायला लागलं. ओचिर म्हणाला, आई, लवकर कर काहीतरी. अरियुना सगळ्यांच्या पायांमधून आत पळाली आणि चहाचं जुनं पातेलं ओढत बाहेर घेऊन आली. दुलमाने ते उलटं केलं. बुडाच्या खोबणीत, घासणी पोचत नाही तिथे, थोडी काजळी उरली होती. तिने नखाने ती खरवडली, थुंकी लावून बोटावर मळली आणि पोरीच्या नाकाच्या शेंड्यावर टिकली दिली. बारीकशी होती, पण काळी होती.

“पुरेल?” तिने जिग्मेद गुआइंना विचारलं.

त्यांनी वाकून, डोळे बारीक करून बघितलं. “पुरेल. आता आत घे, गारठा वाढलाय.”

सगळे आत गेले. दुलमा मागे राहिली, फडकं ओलं करून ताटली पुसली, आणि चुलीकडे बघायला आत गेली. दीड तास होत आला होता.